एका माणसाची मदत

काय करतेस, असं कोणी विचारलं की सुचित्रा बर्डे "नर्सिंग होममध्ये असते" एवढं सांगून विषय बदलायची. मराठी मंडळातल्या बँकवाल्या बायका लगेच डोळे मोठे करून "अय्या, किती पुण्याचं काम!" म्हणायच्या आणि सुचित्राला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण पुण्याचं काम करणाऱ्या मुली वेगळ्याच होत्या. कोणी फिलिपीन्सची, कोणी म्यानमारची, कोणी केरळची. त्या अंग पुसायच्या, कूस बदलायच्या, घास भरवायच्या. सुचित्रा त्यांच्या मागून टॅब्लेट घेऊन हिंडायची आणि माणसांचे आकडे करायची.

आकडे म्हणजे अगदी आकडेच. सेम्बावांगमधल्या त्या नर्सिंग होमच्या, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहाच्या, मालक कंपनीने अमेरिकन वळणाचा एक फॉर्म आणला होता आणि प्रत्येक रहिवाशाचा तो दर काही महिन्यांनी भरावा लागे. खाणं, झोप, विसरभोळेपणा, पडझड, सगळ्याला कोड. सुचित्रा मिरजेत नर्सिंग शिकली होती आणि पुण्यात हाडांच्या वॉर्डात तिने उमेदीची वर्षं काढली होती, त्यामुळे मोडलेल्या हाडांच्या ऑपरेशनचा भाग आपसूक तिच्या गळ्यात पडला. तो भाग इतर कुणालाच नको असायचा. हाड कुठलं मोडलं, आत सळई आणि स्क्रू घातले की सांधाच बदलला, इथवर सगळ्यांना जमायचं. पुढच्या प्रश्नाशी गाडी अडायची: त्या ऑपरेशनमुळे या माणसाची आजही वेगळी काळजी घ्यावी लागते आहे का, आणि त्याने तो सुधारतो आहे का?

उत्तर हो असेल, तर ऑपरेशन 'चालू'. मग रोजचा व्यायाम, फिजिओथेरपिस्ट, आणि नावापुढे 'घरी जाण्याच्या उद्देशाने'. उत्तर नाही असेल, तर ऑपरेशन इतिहासजमा, व्यायाम बंद, नावापुढे 'कायम वास्तव्य'. मधलं काही नाही. फॉर्म बनवणाऱ्यांना मधल्या माणसांची माहितीच नसावी.

सुचित्रा स्वतः मात्र अशी मधलीच होती. तिचा नवरा प्रसन्न हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत होता, तोवर ती त्याच्या पासवर, म्हणजे नोकरीमुळे मिळणाऱ्या परदेशात राहायच्या परवान्यावर, सुखाने राहत होती. कंपनीने त्याचं खातंच दुसऱ्या देशात हलवलं, त्याची नोकरी गेली आणि सगळं उलटं झालं. आता प्रसन्न आणि मुलगी ऋग्वेदा सुचित्राच्या पासवर होते. तिची नोकरी गेली की तिघांनी बॅगा भरायच्या. ऋग्वेदाचं ओ-लेव्हलचं, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेचं, वर्ष होतं, आणि नेमक्या त्याच वर्षी पासचं नूतनीकरण आलं होतं. ऑफिसातून ईमेल आला की सुचित्रा आधी पासचे किती दिवस उरले ते मोजायची आणि मग तो वाचायची. बहुधा तो पंख्यांच्या दुरुस्तीबद्दल असायचा.

अशात निशिकांत उपळेकर तिथे आले.

उपळेकर काका बुकित पंजांगला एकटे राहायचे. सगळी नोकरी जहाजाच्या गोदीत हिशेब तपासण्यात गेलेली, बायको वारलेली, मुलगा रुचिर मेलबर्नला. खालच्या हॉकर सेंटरमधून, खाण्यापिण्याच्या टपऱ्यांवरून, कॉफी घेऊन येताना ओल्या फरशीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलने सळई घालून हाड जोडलं आणि चालायला शिकण्यापुरतं त्यांना इकडे पाठवलं. घरी परत जायचं हे त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावून सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, मोडक्या मलयमध्ये सांगितलं, आणि सुचित्राच्या छातीवरचं नाव वाचून मराठीतही सांगितलं.

"बर्डे? मिरजेच्या का तुम्ही?"

"हो काका. मला अहोजाहो नका करू."

"बरं, तू. मी कुरुंदवाडचा. म्हणजे शेजारचाच की! तर सुचित्रा, मी इथे मुक्कामाला आलेलो नाही, एवढं तुझ्या त्या पाटीवर लिहून ठेव."

त्या वॉर्डात कामाच्या वेळी मराठी बोलायला मिळणं हीच तिला चैन वाटली. काका दिसले की तिची चालच बदलायची. टॅब्लेट काखेत मारून ती आधी त्यांच्या पलंगाशी जायची. ते उठू लागले की तिचा हात पुढे व्हायचाच. सपाता पलंगाखाली गेल्या असतील तर वाकून काढायची आणि त्यांच्या पावलांकडे तोंड करून ठेवायची. बाथरूमकडे निघाले की दंडाला धरायची. हे तिने ठरवून केलं नव्हतं. वडीलधारं माणूस उठत असताना हाताची घडी घालून बघत उभं राहायचं, असलं वळण तिच्या घरात कुणालाच नव्हतं. तिच्या आईने पाहिलं असतं तर कान उपटले असते.

काकाही हात धरायचे. "राहू दे गं," म्हणायचे, पण धरायचे.

फॉर्म भरायची वेळ आली. नियम स्पष्ट होता: माणसाला काय जमेल याचा अंदाज बांधायचा नाही, गेल्या आठवड्यात त्याने प्रत्यक्षात काय केलं ते लिहायचं. सुचित्राने डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. खुर्चीतून उठणं, एका माणसाची मदत. चालणं, एका माणसाची मदत. सपाता पायात घालणं, एका माणसाची मदत. मागच्या वेळी हेच होतं, आताही हेच, म्हणजे सुधारणा नाही. सुधारणा नाही, म्हणजे ऑपरेशन चालू म्हणता येत नाही. तिने खिन्न मनाने तो कोड बदलला आणि काकांच्या नावापुढे 'कायम वास्तव्य' उमटलं. तिला फार वाईट वाटलं, पण आपलं काही चुकलंय असं एकदाही वाटलं नाही.

रुचिरचा फोन तिनेच घेतला. पोरगा वाईट नव्हता. "ताई, बाबा स्वतः चालतात असं तुमच्याकडून आलं, तर मी घरी एक मदतनीस ठेवतो आणि त्यांना परत नेतो. पण नसेल चालता येत, तर मी तिकडून काय करू? पुन्हा पडले तर? मग मला तो फ्लॅट सोडावा लागेल." वर्षअखेरीला निर्णय घेतो म्हणाला.

व्यायाम बंद झाला तेव्हा काकांनी एकदाच विचारलं, "माझी ती कसरतवाली मुलगी येत नाही आता. सुट्टीवर आहे का?" सुचित्राने खरं सांगितलं. ते काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असेल. तुमचा काही हिशेब असेल." आणि रोज मिळणारं पचपचीत सूप संपवलं.

एके दिवशी सुचित्रा नेहमीच्या दाराने न येता मागच्या जिन्याने वर आली, कारण लिफ्ट बंद होती. वॉर्डाच्या त्या टोकाला बेसिन होतं. काका तिथे उभे होते. वॉकर बाजूला घेतलेला, एक हात बेसिनच्या कडेवर, दुसऱ्याने रुमाल खंगाळत होते. आपला रुमाल ते लाँड्रीत द्यायचे नाहीत. त्यांनी तो पिळला, झटकला, वॉकर पुढे घेतला आणि सावकाश, नीट पाय टाकत खिडकीच्या गजापर्यंत जाऊन वाळत घातला. मग वळले, पलंगाशी आले, सपाता पायानेच सरळ केल्या आणि बसले. कुणाचाही हात लागला नव्हता.

सुचित्रा धावतच पलंगाशी आली.

"काका! तुम्हाला येतं चालता?"

"येतं की. न यायला काय झालं?"

"मग रोज माझा हात कशाला धरता?"

त्यांनाच नवल वाटलं. "अगं, तू लेकीसारखी हात पुढे करतेस. तो झिडकारू? आणि त्या बाकीच्या पोरी, त्यांना घाई असते. मी आपला उठायला वेळ घेतो, तोवर त्या उचलून मोकळ्या होतात. कशाला त्यांचा खोळंबा?"

हाडांच्या वॉर्डात जन्म काढलेल्या बाईने हे करावं! पेशंट काय करतो ते बघायला ती रोज जात होती आणि आपणच ते करून परत येत होती. फॉर्मवर तिने लिहिलेली मदत खरी होती. तिची गरज नव्हती, एवढंच. आईने लावलेलं वळण आणि काकांचा भिडस्तपणा या दोघांनी मिळून एका धडधाकट माणसाला कायमचं इथे बसवलं होतं.

ती तडक मॅडम गोहकडे गेली. मॅडम गोह म्हणजे त्यांच्या मजल्याच्या प्रमुख, हिशेबी पण सरळ बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, दुरुस्ती करता येते, पण मूळ फॉर्म भरणाऱ्याने ती करायची नाही. वॉर्डातली दुसरी नर्स, मारिसेल, आठवडाभर नव्याने बघेल. तिला ते चालताना दिसले तर कोड बदलेल, व्यायाम सुरू होईल. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बट सुची, करेक्शन हेड ऑफिसला दिसतं, हां. ऑपरेशनचा कोड चुकला म्हणजे मोठी चूक. तुझं रिन्यूअल पण आत्ताच. शुअर आर यू?"

"शुअर," सुचित्रा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखीचा वाटला नाही.

तशीच ती काकांकडे गेली आणि त्यांना समजावून सांगितलं. उद्यापासून मारिसेल येईल. मी लांब राहीन. कुणाचा हात धरायचा नाही, कितीही वेळ लागला तरी चालेल. एकट्याने उठायचं, एकट्याने चालायचं. एवढं केलंत की घरी.

काकांचा चेहरा उजळला. मग त्यांच्यातला हिशेबतपासनीस जागा झाला. "आणि तू आधी लिहिलंस त्याचं काय?"

"ते चुकलं असं होईल."

"कुणाचं चुकलं?"

"माझं."

"मग तुला बोलतील?"

इथे तिने गप्प बसायला हवं होतं. पण गेले कित्येक महिने ती कुणाशीच बोलली नव्हती. प्रसन्नशी बोलावं तर तो आधीच खचलेला. त्याच्यासमोर पासचं नाव काढायची चोरी. ऋग्वेदाला "अभ्यास कर" म्हटलं की तिथल्या पोरांच्या इंग्रजीत "कॅन, कॅन, डोंट स्ट्रेस लाह, मॉम" एवढंच उत्तर. आणि इथे समोर तिच्या गावाशेजारचा माणूस तिच्या भाषेत, तिच्या काळजीने विचारत होता. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळं बोलून गेली. प्रसन्नची नोकरी, तिघांचा एक पास, पोरीची परीक्षा, हेड ऑफिस. बोलता बोलता डोळ्यांना पदर नव्हता म्हणून युनिफॉर्मची बाही लावली. काकांनी मध्ये एकदाच विचारलं, "परीक्षा कधी?" तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मोकळं झाल्यावर तिला हलकं वाटलं. घरी जाताना तिने ऋग्वेदासाठी आइस्क्रीमही घेतलं.

मारिसेलचा आठवडा सुरू झाला. सुचित्रा दुसऱ्या मजल्यावर काम काढून बसली. पहिल्या संध्याकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. मारिसेल म्हणाली, "ही आस्क्ड फॉर माय हँड." पहिलाच दिवस आहे, बुजले असतील, सुचित्राने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर मात्र तिला राहवलं नाही. ती वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

मारिसेल पलंगापासून चांगली हातभर लांब, टॅब्लेट धरून उभी होती. "टेक युअर टाइम, अंकल." काका पलंगाच्या कडेला बसले होते. वॉकर समोर होता. त्यांची नजर दारातल्या सुचित्राकडे गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी वॉकर बाजूला सारला, मारिसेलकडे हात केला आणि म्हणाले, "हेल्प मी, गर्ल. कॅनॉट."

मारिसेलने हात दिला. नियमच होता तसा; मागितला तर द्यायचा. आणि तिने तसं लिहिलं.

ती गेल्यावर सुचित्रा पलंगाशी आली. तिला भयंकर राग आला होता.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"हळू बोल."

"तुम्हाला घरी जायचंय ना? मग? मी तुमच्याकडे मागितलं होतं का असलं काही?"

"तू नाही मागितलंस." काका रुमालाची घडी घालत होते. "पोरीची परीक्षा होऊ दे. तुझ्या पासवर शिक्का बसू दे. मग कुणालाही बोलाव, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवतो. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. वर्षअखेरीपर्यंत रुचिर थांबणार आहेच."

"काका, पाय असा ठेवून देता येत नाही. तो रोज वापरावा लागतो."

"वापरीन की. कुणी नसताना."

"इथे कुणी नसतं कधी? कॉरिडॉरमध्ये कॅमेरे आहेत."

"मग नाही वापरणार. आता माझी सही झाली आहे, सुचित्रा. एकदा 'येत नाही' म्हटलं, मग उद्या मी रुमाल वाळत घालताना दिसलो तर खोटी कोण पडेल? तू. हिशेब दोन्हीकडून जुळायला हवा."

या माणसाशी वाद घालणं शक्य नव्हतं. तो चांगुलपणाने वागत होता आणि चांगुलपणापुढे तिचं काही चालेना.

मॅडम गोहना खरं सांगायचं असं ठरवून ती त्यांच्या दारापर्यंत गेली. दारातूनच त्या हसून म्हणाल्या, "सी, फर्स्ट टाइमच तू बरोबर होतीस! ऑपरेशनचा कोड करेक्ट. हेड ऑफिसला काहीच पाठवायला नको. गुड वर्क." टेबलावर तिच्या नूतनीकरणाचे कागद होते. सुचित्राने तोंड उघडलं आणि तिला ऋग्वेदाचं टेबल दिसलं, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक दिसलं, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून अर्ज करणारा प्रसन्न दिसला. ती "थँक यू, मॅडम" म्हणाली आणि बाहेर पडली. बाथरूममध्ये जाऊन तिने नळ सोडला आणि रडून घेतलं. स्वतःची इतकी किळस तिला कधीच आली नव्हती.

त्यानंतर ते दोघं ते नाटक करत राहिले. काका हात मागायचे, कुणीतरी द्यायचं. पुढे पुढे मागायचीही गरज उरली नाही. मुली आपणहून उचलायच्या, व्हीलचेअर आणायच्या. काका सगळ्यांना थँक यू म्हणायचे. रुमाल लाँड्रीत जाऊ लागला. सुचित्रा चादरीखाली त्यांना पाय ताणायला सांगायची, घोटे फिरवायला सांगायची. ते करायचेही. पण चादरीखालच्या कसरतीने पायावर भार पेलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांची मांडी बारीक होत चाललेली तिला पायजम्यातूनही दिसायची. ती रात्रंदिवस मनात एकच घोकत होती: परीक्षा होऊ दे, पास येऊ दे, मग मी सगळं सांगते.

ऋग्वेदाची परीक्षा पार पडली. शेवटच्या पेपरवरून येऊन तिने दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि "मॉम, डन लाह!" म्हणत आईला मिठी मारली. त्याच आठवड्यात पास आला. प्रसन्नने शिरा केला. कितीतरी दिवसांनी तो शीळ घालत होता.

सुचित्राने डब्यात काकांसाठी शिरा घेतला. त्या दिवशी ती मनाने सुटलेली होती. मारिसेलला वाटेतच गाठून म्हणाली, तू माझ्याबरोबर चल, आणि तो टॅब्लेट घे. मी तुला काहीतरी दाखवणार आहे, मग आपण मॅडमकडे जाऊ. जे व्हायचं ते होऊ दे.

"काका," ती पलंगाशी जाऊन म्हणाली, "पास आला. परीक्षा झाली. उठा आता. चालून दाखवा हिला."

"आला? वा! पेपर कसे गेले पोरीला?"

"चांगले गेले. उठा ना, काका."

काका मनापासून हसले. त्यांनी वॉकर पुढे ओढला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि जोर केला. बूड जेमतेम उचललं गेलं आणि ते धपकन परत बसले. पुन्हा जोर केला. मान लाल झाली, हात थरथरायला लागले, पण पाय सरळच होईनात. या वेळी ते सुचित्राकडे बघत नव्हते. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत होते, खऱ्याखुऱ्या आश्चर्याने.

"थांब हं," ते म्हणाले. "थांब. येतं मला."

सुचित्राने हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि तरीही त्यांना उठता आलं नाही. मग मारिसेलने टॅब्लेट खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या काखेत हात घातला. दोघींनी मिळून काकांना उभं केलं, क्षणभर धरलं आणि हळूच व्हीलचेअरमध्ये बसवलं.

फॉर्मची वेळ झालीच होती. पुढच्या आठवड्यात सुचित्राने तो भरला. ऑपरेशन: इतिहासजमा. सुधारणा: नाही. खुर्चीतून उठणं या रकान्यात, जे रोज डोळ्यांनी पाहत होती तेच तिने लिहिलं: दोन माणसांची मदत.